श्वासाचं भोक

पुसदच्या आमच्या गल्लीतला तो सोनार काम करताना दागिन्याशीच बोलायचा, "थांब नं माय, झालंच." माझ्या जावयासाठी त्याने पोकळ अंगठी घडवली. खडा इतका सपाट बसवला, की बोट फिरवलं तरी लागू नये. आतून मात्र सुईएवढं भोक ठेवलं. "पोकळ वस्तूले श्वास लागते, भाऊ. बुजवलं तं आगीत फुटते."

व्याह्यांना मी अंगठी भरीव सांगितली होती. म्हणून दुसऱ्या गावच्या सोनाराकडून ते भोक डाक लावून, म्हणजे वर धातू वितळवून, बुजवून आणलं.

जावयाला ती घट्ट झाली, तेव्हा सैल करायला गल्लीतल्या सोनाराकडेच नेली. बुजवल्याचं बोललो नाही. म्हटलं, तो पाहीलच.

"माह्या हातची हाये, पाहाले काय?" म्हणत त्याने ज्योत धरली. फटाक्यासारखा आवाज झाला, त्याने डोळ्यावर हात दाबला आणि बोटांमधून रक्त गळू लागलं.

त्याची बायको धावत आली. "काय झालं वो?"

"भोक ठेवाले विसरलो मी."

त्याला खरंच तसं वाटलं. मी शेजारीच उभा होतो.

तो डोळा गेला. आता प्रत्येक पोकळ वस्तू तो मला हाक मारून दाखवतो.

"भोक दिसते नं, भाऊ? मले माहा भरोसा नाही राह्यला."