रंगाचे दोन हात

कारखान्यात त्यांना सगळे सूतमास्तर म्हणत. सुताचा फरक दिसला तरी नग परत पाठवायचे, मग तो साहेबाच्या घाईचा असो की साहेबाच्या मेव्हण्याचा. चौतीस वर्षं फिटरकी केली. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "दोन फेस, म्हणजे दोन सपाट बाजू, एकमेकांवर बसायच्या तर मध्ये केससुद्धा नको."

निवृत्त झाल्यावर त्यांनी लेकीसाठी जुनी गाडी घेतली. लेक नर्स. तिची बदली डोंगरापलीकडच्या दवाखान्यात झालेली. गाडीचं इंजिन चांगलं होतं, पण साठच्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग हातात धरलेल्या पाखरासारखं फडफडायचं. गॅरेजवाल्याने दोनदा बॅलन्सिंग केलं आणि हात झटकले. सूतमास्तरांनी मग गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक हाताने फिरवलं आणि टायरजवळ खडू धरला. दर फेऱ्याला खडू एकाच जागी घासायचा. टायरला आतून गाठ आली होती. टायर बदलला. स्टिअरिंग शांत झालं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण गाडी जॅकवर होती आणि मागच्या चाकांना आतून गंज दिसत होता. गंज दिसल्यावर त्यांना जेवण गोड लागेना. मागची दोन्ही चाकं काढली, तारेच्या ब्रशने घासली, प्रायमर लावला, वर रंगाचे दोन हात मारले. चाकं आतून बाहेरून, ती ज्यावर बसतात ते ब्रेकचे ड्रमही.

शेजारचा टेम्पोवाला कुंपणावरून बघत होता. "मास्तर, चाकाची आतली बाजू कोण बघायला येणार आहे?"

"मी बघतो ना."

"मग आरसाही बसवा."

रंग वाळला, चाकं चढली, नट आवळले. दोन दिवसांनी सत्तरच्या पुढे पुन्हा बारीक थरथर लागली. मास्तर पुन्हा पुढच्या चाकांमागे लागले. काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःला समजावलं, जुनी गाडी आहे, थोडी उरणारच.

सोमवारी सकाळी लेक हजर व्हायला निघाली. काच खाली करून तिने विचारलं, "बाबा, जाऊ ना? ठीक आहे ना?"

"ठीक आहे. जा."

ती गेली आणि मास्तर चहाला बसले. बायको शिलाई मशीनवर होती. मशीन थांबवून ती म्हणाली, "अहो, ती थरथर थोडी उरलीय म्हणता, पण ही ती नव्हेच."

"म्हणजे?"

"पहिली पुढे होती, तिच्या हातात. परवा मी मागे बसले तर खालून यायची, सीटमधून. हात ठेवा तिथे कापत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! तुम्ही म्हणालात, तू तुझं शिवण बघ. तीस वर्षं मशीन चालवतेय मी. कोणतं चाक डुगडुगतंय ते पायाला कळतं."

मास्तरांनी कप खाली ठेवला. सीटमधून येते. म्हणजे मागून. मागे मी काय केलं?

रंग दिला. चाक जिथे ड्रमवर टेकतं, त्या फेसवरसुद्धा दिला. दोन्हीकडे दोन-दोन हात. चाक रंगावर बसलंय, लोखंडावर नाही. रंग दबणार, चुरा होणार, नट सैल पडणार. आणि पुढे घाट.

त्यांनी फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यांनीच तिला दहादा बजावलं होतं.

कुंपणापाशी धावत जाऊन ते ओरडले, "टेम्पो काढ!"

"काय झालं?"

"चाक सुटेल तिचं. काढ आधी!"

टेम्पोवाल्याने पुढे एक शब्द विचारला नाही. हा माणूस धावताना त्याने कधी पाहिला नव्हता.

रस्ताभर मास्तर डावीकडची कड बघत होते. लेकीची गाडी पांढरी, म्हणून प्रत्येक पांढऱ्या गाडीला ते वाकून नंबर बघायचे. अर्धा तास झाला.

"पोरगी शहाणी आहे, मास्तर," टेम्पोवाला म्हणाला.

"शहाणी आहे म्हणूनच भीती. बापाचं ऐकते."

चढ सुरू होण्याच्या जरा अलीकडे गाडी कडेला उभी दिसली. लेक मागच्या चाकाशी वाकून बसली होती. टेम्पो थांबायच्या आत मास्तर उतरले.

"आवाज आला, टकटक," ती म्हणाली. "तुम्ही ठीक म्हणालात म्हणून दहा मिनिटं तशीच चालवली. नाहीतर आधीच थांबले असते."

मास्तरांनी खाली बघितलं. डाव्या चाकाच्या चार नटांपैकी एक नव्हताच. दुसरा बोटाने फिरला. चाकाची नटांची भोकं झिजून लांबट झाली होती; ते चाक आता निकामी.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "फेसला रंग दिला मी. नव्या पोराने केलं असतं तर कान उपटला असता."

लेक उठली. तिने डिकी उघडली.

स्टेपनीला रंग द्यायचा राहून गेला होता, म्हणून ती धड होती. मास्तरांनी ड्रमचा फेस चाकूने खरवडला, टेम्पोवाल्याने पॉलिश पेपरने लोखंड लागेपर्यंत घासलं. स्टेपनी चढवली. चौथा नट पुढच्या एका चाकाचा काढून तिथे लावला. मग उजवं चाक उतरवलं. त्याची भोकं अजून गोल होती. त्याचा आणि त्याच्या ड्रमचा, दोन्ही फेस खरवडले. तासभर गेला. मास्तरांच्या बोटांतून रक्त आलं, तरी त्यांनी फेसवर नख फिरवून पाहिल्याशिवाय चाक चढवू दिलं नाही.

नट आवळायला त्यांनी पाना उचलला, तर लेकीने हात पुढे केला. "द्या. मी आवळते. सांगा कसे."

"समोरासमोरचे. एक इकडचा, एक तिकडचा. लगेच पूर्ण नाही, थोडे थोडे."

तिने आवळले. मग उभी राहून विचारलं, "आता ठीक आहे?"

मास्तरांनी पाना तिच्याच हातात राहू दिला. "मी बरोबर येतो," ते म्हणाले. "चाळीसच्या वर नको. घाट संपला की थांब, आणि बघ. मला विचारू नकोस. पान्याला विचार."

टेम्पोवाला तिथून परतला.

घाटभर तिने काटा चाळीसच्या खाली ठेवला. मास्तर मागच्या सीटवर, दोन्ही तळवे गादीवर दाबून. घाट संपला तिथे तिने न सांगता गाडी थांबवली, पाना घेतला आणि एकेक नट तपासला. उजवीकडचा एक पाव फेरा फिरला.

"फिरला," ती म्हणाली.

"उरलेला रंग दबला असेल. अजून दहा किलोमीटरवर पुन्हा."

दहा किलोमीटरवर ती पुन्हा उतरली. मागच्या आठही नटांवर पान्याला अंगाचा भार दिला. एकही हलला नाही. तिने परत पहिल्यापासून आठही तपासले, वडील बघत असताना.

मग पाना डिकीत टाकून ती म्हणाली, "पुढे बसा, बाबा. दवाखाना आला जवळ."