इटली पाहिलेला माणूस

अख्ख्या बावड्यात इटली पाहिलेला तो एकटाच. एका इंजिनियर साहेबाचा खानसामा म्हणून तो तिकडे जाऊन आला होता. भर उन्हाळ्यातही अंगात साहेबानं दिलेला लोकरी कोट असायचा, आणि बोलायला लागला की आधी "आता बगा" म्हणायचा.

शाळा सुटल्यावर एकदा मला म्हणाला, "आता बगा मास्तर, तिकडं इटलीत डोंगरातलं एक गाव. खाण बंद पडलेली. देवळाच्या पायरीवर नुसत्या म्हाताऱ्या बसलेल्या. म्हातारा बाप्या एक बी न्हाय. खाणीतली धूळ खाऊन समदे चाळिशीतच गेले."

पुढं दक्षिणेतल्या सोन्याच्या खाणीसाठी माणसं न्यायला एक मुकादम गावात आला. चावडीवर त्यानं ह्या इटलीवाल्या आबाला खुर्ची दिली. कुणीतरी विचारलं, "आबा, खाणीत माणूस टिकतं का?"

"आता बगा, मी इटलीची खाण बगून आलोय. तिकडची माणसं मजेत हायती."

अकरा जणांनी अंगठे उठवले. मुकादमाच्या कागदावर त्यांची नावं मी लिहीत होतो. सातवं नाव माझ्या धाकट्या मेहुण्याचं होतं.

संध्याकाळी मी आबाला गाठलं. "आबा, खोटं का बोललात?"

त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं. "मी नुस्तं बोललो. नावं कुणी लिवली, मास्तर?"