सावलीतलं काम

मशीन जड कामं करतं आणि माणसाचे कष्ट वाचवतं, असं कुणी मला सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. आमच्या अनसिंगकडच्या दाळमिलमध्ये मशीन आलं, ते पोती उचलायला आलं नव्हतं. पोती आजही हमालच उचलतात, पाठीवर फडकं टाकून. मिलमागची तुंबलेली नाली आजही माणूसच आत उतरून उपसतो. मशीन येऊन बसलं ते बायकांच्या ओट्यावर. अख्ख्या मिलमध्ये सावलीत बसून करायचं एकच काम होतं, आणि नेमकं तेवढंच त्याने उचललं.

ते काम म्हणजे दाळ निवडणं. तूर भरडून दाळ निघाली, की तिच्यात सालासकट राहिलेले दाणे असतात, काळे पडलेले असतात, किडके असतात, खडे असतात. टिनाच्या शेडखाली लांबलचक ओटा होता. त्यावर आम्ही बायका ओळीनं बसायचो, पुढ्यात सूप घेऊन. शेतातलं काम ज्यांना झेपत नव्हतं अशा सगळ्या त्या ओट्यावर असायच्या. कुणी ओली बाळंतीण, तिचं लेकरू मागं झोळीत. कुणाचा कंबरेचा मणका गेलेला, कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. डोळे आणि बोटं शाबूत असली की बाकीचं शरीर कसं का असेना, ओटा सांभाळून घ्यायचा.

आमच्या आत्याबाई त्यातल्याच. त्या माझ्या नवऱ्याची आत्या. तरुणपणी बैलबंडीवरून पडल्या तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. पुढं नवरा वारला आणि त्या माहेरी परत आल्या, भावाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. ओट्यावर त्या एक पाय सरळ पुढं लांबवून बसायच्या आणि सूप त्या पायावरच टेकवायच्या. भावाच्या घरी राहणाऱ्या विधवा बाईचं काय असतं ते आमच्या भागात वेगळं सांगायला नको. पुढ्यात येईल ते खायचं आणि विचारलं तरच बोलायचं. पण आत्याबाई संध्याकाळी मिलमधून माझ्या मागोमाग लंगडत यायच्या, दारात चप्पल काढायच्या आणि तिथूनच मला हाक मारायच्या, ‘चाय ठेव व, अद्रक टाकजो!’ त्या हाकेत असा काही रुबाब असायचा की सासरेसुद्धा खाटेवर सरकून त्यांना जागा करून द्यायचे. औंदा काय पेरायचं यात त्यांचं मत घेतलं जायचं. ते सगळं त्या ओट्याच्या जिवावर होतं.

आणि ओटा म्हणजे नुसतं काम नव्हतं. आमच्या गावात पाण्याचे नळ वस्तीवस्तीचे वेगळे, लग्नाच्या पंगती वेगळ्या. ओट्यावर मात्र माझ्या एका बाजूला आत्याबाई बसायच्या आणि दुसऱ्या बाजूला बौद्धवाड्यातली माझी मैत्रीण. दुपारी डबे उघडले की कुणाचा हात कुणाच्या डब्यात जायचा याचा हिशेब नसायचा. तिच्या हातच्या ठेच्यासाठी तर आत्याबाई स्वतःची भाजी घरीच ठेवून यायच्या. पोरींची स्थळं तिथं ठरली, मारकुट्या नवऱ्यांची अब्रू तिथं निघाली, आणि सासरी जाळून घ्यायला निघालेली एक बाई तिथं रोज बसून बसून पुन्हा हसायला शिकली. हे कुठल्या मशीनच्या कोणत्या भोकातून टाकायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर एके दिवशी शेठजी ओट्यावर आले. शेठजी म्हणजे मिलचे मालक. त्यांच्यासोबत एक इंजिनेर होता, बाहेरगावचा, गोड बोलणारा. त्याला दाळीचा नमुना पाहिजे होता. चांगली दाळ एका ताटात आणि खराब दुसऱ्या ताटात, एवढंच त्याचं म्हणणं.

‘कायले पाह्यजे जी?’ मैत्रिणीनं विचारलं.

‘मशीनला दाखवायला,’ तो म्हणाला.

आम्हाला वाटलं, कुठं तरी मोठ्या ठिकाणी आमच्या मिलची दाळ तपासायला चालली. पोरगी दाखवायची असली की घर कसं झाडूनपुसून लख्ख करतात, तसं झालं आमचं. त्यात पाहुण्यानं मूठभर मागितलं तर पसाभर द्यायची आमच्याकडची रीत. कमी दिलं तर चार गावांत नाव जातं.

आत्याबाईंनी तर पदरच खोचला. ‘नुसती खराब म्हंजे काय जी?’ त्या इंजिनेरला म्हणाल्या. ‘खराब का एकच असते? किडकी येगळी, काई येगळी, सालाची येगळी. एकात टाकली त तुमच्या मशीनले कसं समजन?’

त्यानं मान डोलावली. अशी वेगवेगळी मिळाली तर फारच उत्तम, म्हणाला. मग काय विचारता! आम्ही दिवसभर मान वर केली नाही. किडक्याचा ढीग, काळ्याचा ढीग, सालाचा ढीग, तुकड्यांचा ढीग. चांगल्या दाळीचं ताट तर असं केलं की त्यात बोट घालायला जीव होऊ नये. दुपारी इंजिनेरला हॉटेलात जाऊ दिलं नाही. मैत्रिणीनं ठेचा दिला, आत्याबाईंनी स्वतःची भाकर मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सगळा ओटा हसला. तो भला माणूस होता, मी त्याला शिव्या देत नाही. पण त्या भल्या माणसानं जेवताजेवता एक शब्द तरी बोलायला हवा होता की नाही? बायांनो, हात आवरा, तुम्ही तुमच्याच पोटावर पाय देताय, एवढं तरी? तो ढेकर देऊन उठला आणि ढीग पिशव्यांत भरून घेऊन गेला.

दसऱ्याच्या आधी मशीन आलं. पांढरंशुभ्र, कपाटाएवढं, आत काचा आणि कॅमेरे. शेठजींनी पूजा ठेवली आणि ओवाळायला आमच्यातल्याच पाच सवाष्णी बोलावल्या. माझी मैत्रीण जागची हलली नाही. ‘मी देवालेबी ओवायत नाही, त ह्या डब्याले कायले ओवायू?’ ती म्हणाली. ‘अन् मले ह्याचं लक्षण बरं दिसून नाही राह्यलं.’ तिचं त्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. ताट फिरत फिरत माझ्या हातात आलं. मी मशीनच्या पांढऱ्या पत्र्यावर कुंकवाचं बोट लावलं, तेव्हा आत्याबाई मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण विधवेनं पुढं यायचं नसतं. लोखंडाला कुंकू चालत होतं आणि आत्याबाईंना मात्र त्या लोखंडाजवळही जाता येत नव्हतं. हे आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते.

मग बटण दाबलं. वरून दाळ धारेनं पडायला लागली आणि मधेच फट् फट् आवाज करत हवेचा झोत एकेक दाणा बाजूला उडवायला लागला. शेठजींनी त्या उडालेल्या दाण्यांची मूठ भरून आम्हाला दाखवली. त्यात फक्त काळे आणि किडके दाणे होते. आणि आत्याबाई, ज्यांचं सगळं त्या क्षणी हातातून चाललं होतं, त्या मागून टाचा उंचावून पाहत लहान पोरीसारख्या आनंदानं म्हणाल्या, ‘बाप्पा! आपल्या ढिगावरून शिकलं न ते! बराब्बर ओयखून राह्यलं!’

दिवाळीनंतर ओटा बंद झाला. शेठजींनी प्रत्येकीला साडी दिली, आणि वर म्हणाले, ‘लय निवडलं तुमी. आता आराम करा.’

आराम! हा शब्द त्यांच्या जिभेवर आला तरी कसा? मी तोंडावर विचारलं त्यांना. ‘शेठजी, आराम खाता येते का?’ ते रागावले नाहीत, हसले. मशीन सुट्टी मागत नाही, म्हणाले, बाळंत होत नाही, गप्पा मारत नाही. जसं काही बाळंत होणं हा आमचा आळस होता. त्यांना बाळंतपणाशिवाय कुणी जन्माला घातलं हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आत्याबाईंनी माझा हात दाबला.

टीव्हीवर शहाणी माणसं सांगतात की मशीनमुळं जुनी कामं जातात तशी नवी येतात. आलं ना आमच्याकडे नवं काम. ते चालवायला एक ऑपरेटर आला, कोर्स केलेला, दूरच्या जिल्ह्यातला. त्याला खुर्ची आहे, पंखा आहे. आता ओटाभर बायांनी त्या एका खुर्चीवर कसं बसायचं, तेही त्या शहाण्यांनी एकदा दाखवून द्यावं. दाळ स्वस्त झाली म्हणाल, तर तीही झाली नाही. दुकानात तीच दाळ आता जास्त चकचकीत पाकिटात मिळते. मग वाचलं ते कुणाचं आणि गेलं कुठं? मशीनचा राग मला येतच नाही. त्याला बिचाऱ्याला शिकवलं तेवढं ते करतं. माझा राग, ज्यांनी ते कुठं बसवायचं हे ठरवलं आणि ठरवताना ओट्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्यावर आहे.

घरी आत्याबाईंनी चहाची हाक मारणं बंद केलं. मी कप नेऊन दिला की घ्यायच्या, नाही दिला तर मागायच्या नाहीत. सासरे वाईट माणूस नव्हेत, पण खाटेवर सरकायचं तेही हळूहळू विसरले. जेवताना आत्याबाई अर्ध्या भाकरीवर हात धुवायला लागल्या. ‘भूक नाही व,’ म्हणायच्या. ओट्यावर दुसऱ्यांच्या डब्यात हात घालून खाणारी बाई ही. मला सगळं समजत होतं आणि त्याचा मला संताप येत होता.

सोयाबीनच्या निंदणाला, तण काढायला, मी आणि मैत्रीण दुसऱ्यांच्या शेतात जायला लागलो, तेव्हा एका सकाळी आत्याबाई डबा बांधून दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, ‘आत्याबाई, तुमचा पाय वाकत नाही, तुमी निंदण कसं करसान?’

‘बसून करतो,’ त्या म्हणाल्या. ‘बसून त येते न मले.’

आणि त्यांनी ते केलं. बुडाखाली पोतं बांधलं, मिलमधलंच जुनं, आणि तो ताठ पाय पुढं टाकून दोन्ही हातांनी स्वतःला रेटत त्या तासातून, म्हणजे पिकाच्या ओळीतून, सरकत जायच्या. हातात विळा, खाली चिखल. आम्ही तासाच्या शेवटाला पोचलो तरी त्या अर्ध्यातच असायच्या. मग मी आणि मैत्रीण परत फिरून दुसऱ्या टोकाकडून त्यांचं तास निंदत त्यांच्याकडे यायचो, म्हणजे मुकादमीण बाईला बोलायला जागा राहू नये. संध्याकाळी लुगडं चिखलानं वजनदार झालेलं असायचं. पण घरी आल्यावर दारातून, थकलेल्या आवाजात का होईना, हाक यायची, ‘चाय ठेव व.’ त्या एका हाकेसाठी ही बाई चिखलातून सरकत होती.

यंदाच्या हंगामात एका दुपारी आम्ही अशाच निंदत होतो. शेताचा मालक मोटरसायकलवर आला. मागून एका गाडीत ड्रोन घेऊन ड्रोनवाला आला. मालक धुऱ्यावरूनच, शेताच्या बांधावरून, ओरडला, ‘बाया हो, बाजूले व्हा! तननाशक मारून राह्यलो. उद्यापासून निंदणाले येऊ नका.’

आम्ही विळे घेऊन धुऱ्यावर आलो. आत्याबाई तासाच्या मधोमध होत्या. ड्रोन वर उठला, शेतावर आला आणि त्यांच्या अलीकडे हवेत थांबून भणभणत राहिला. खाली माणूस दिसला की थांबायचं, एवढं त्याला शिकवलेलं होतं. ‘लवकर करा जी, बॅटरी चालली,’ ड्रोनवाला म्हणाला. मी आणि मैत्रीण धावलो, दोन्हीकडून त्यांच्या काखेत हात घातले. त्यांनी आमचे हात बाजूला केले. ज्या रीतीनं त्या तासात शिरल्या होत्या त्याच रीतीनं, पोत्यावर सरकत, वाटेतलं तण उपटत उपटत त्या धुऱ्यावर आल्या. सगळे त्यांच्याकडे बघत उभे होते. मला त्या वेळी एखादं ढेकूळ उचलून त्या पंख्यावर फेकावंसं वाटत होतं.

ड्रोननं फवारा सोडला. एक तास संपलं की आपणहून वळायचा, दुसरं तास धरायचा. एक रोपसुद्धा सोडत नव्हता. आत्याबाई ताठ पाय लांबवून धुऱ्यावर बसल्या आणि बराच वेळ मान वर करून त्याच्याकडे पाहत राहिल्या. या वेळी त्यांच्या तोंडावर तो लहान पोरीचा आनंद नव्हता.

‘ह्याले कोनं शिकवलं असन व?’ त्यांनी मला विचारलं.

त्यांनी हातातल्या विळ्याचा चिखल पदराला पुसला.

‘तिकडंबी असतीन आपल्यासारख्याच बाया,’ त्या म्हणाल्या. ‘त्यायनंबी आपली अर्धी भाकर त्या साहेबाच्या हातावर ठेवली असन.’