झोपलेल्या माणसाचं घर
मेथीच्या खाकऱ्याचा वास आला की नरोलीतली ती दुपार आठवते. माझ्या मुलीनं नीट मागायला शिकावं म्हणून मी घरात रंगीत तक्ता लावला होता. ती ‘प्लीज’ हुकमासारखं म्हणायची. मागच्या खोलीतल्या कामगाराची पोर मात्र माझा फोन संपेपर्यंत दारात थांबली आणि हळूच म्हणाली, “काकू, उरला तर एक खाकरा देशाल?” माझा जळफळाट झाला. तिच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, “शिकवलं कुठं ताई, तिचे पप्पा नाइट करून दिवसा झोपतात. घरात आधी बघायचं, मगच बोलायचं.” आठवड्यानं माझीच मुलगी त्यांच्या दारात तसंच हळू काहीतरी मागताना दिसली. आनंद व्हायला हवा होता. मी तिला इतक्या मोठ्यानं हाक मारली की तो माणूस दचकून उठला. ते चुकून झालं, असं आजही मला म्हणवत नाही.