एक दिवस आधी

आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकांसाठी दोनच खुर्च्या आहेत. तिकीट काढायला आलेला माणूस तिकीट घेऊन जातो आणि परत आल्यावर त्याच खुर्चीत बसून किस्सा ठेवून जातो. नवीन पनवेलच्या या ट्रॅव्हल ऑफिसात मी बारा वर्षं आहे. जुन्या फायली रद्दीत जातात, पण किस्से कुठे टाकायचे?

त्यातले निम्मे आमच्या मालकांच्या, म्हणजे नानांच्या, एका नियमाचे आहेत. कोचीहून सुटणाऱ्या क्रूझला जायचं तर विमानाने एक दिवस आधी पोचायचं. त्याच दिवशीचं विमान हवं असेल तर नाना बुकिंगच घेत नाहीत. "विमानाला उशीर झाला तर विमानवाले सॉरी म्हणतात. जहाज थांबत नाही," एवढं बोलतात आणि चहा सांगतात.

*

गणिताचे एक निवृत्त सर आले होते. त्यांनी आमच्याच पॅडवर हिशेब मांडला. सकाळी दहाला कोची, दुपारी चारला जहाज, हातात सहा तास! नाना ऐकेनात, तेव्हा सरांनी दुसरीकडे बुकिंग केलं.

विमानात बिघाड निघाला. सर धक्क्यावर पोचले तेव्हा जहाजाची पाठ दिसत होती. पुढच्या आठवड्यात येऊन खुर्चीत बसले. पॅड ओढून हिशेब पुन्हा मांडला. मग म्हणाले, "नाना, माझं गणित बरोबर होतं."

"होतंच, सर. विमानाला येत नव्हतं."

*

पनवेलला नवीन विमानतळ झाल्यापासून तर नानांना कुणी जुमानत नाही. कामोठ्याच्या एक ताई ठसक्यात म्हणाल्या, "माझ्या गच्चीतून विमानाची चाकं दिसतात. मी कशाला आदल्या दिवशी जाऊ?"

"विमान गच्चीशी आलंय, ताई. जहाज अजून कोचीतच आहे."

ताई मुकाट आदल्या दिवशी गेल्या.

*

कामोठ्याचेच एक किराणावाले आणि त्यांची बायको. दुकान वर्षाचे बारा महिने उघडं. आदल्या दिवशी हॉटेलात काय करायचं, यावरून शेठ नानांशी भांडले होते. परत आल्यावर मी विचारलं, "कशी झाली क्रूझ?"

शेठ पंधरा मिनिटं जेवणाबद्दलच बोलले. मग मी त्यांच्या बायकोलाही विचारलं.

"क्रूझ चांगलीच होती. पण आदल्या दिवशी हे चौदा तास झोपले आणि मी खिडकीत बसून जहाजं बघितली. कुणी म्हणून हाक मारली नाही. तेवढाच दिवस परत मिळेल का गं?"

*

हा नियम आला कुठून, ते नानांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मला सांगितलं. मुलगी बघायला जायचं त्या दिवशी नानांची रेवसची लाँच चुकली होती. सासऱ्यांनी चांगलं झापलं. त्याचा धसका एवढा की लग्नाला नवरदेव एक दिवस आधी एकटाच हजर. वहिनी म्हणाल्या, "मांडवाचे बांबूही यायचे होते. आले तसे बाबांनी यांनाच बांधायला लावले."

*

आणि आता हिरामावशी. उरणच्या कोळीण. सोबत मुलगी लता, ती कामोठ्यात ट्यूशन घेते. नवरा वारल्यावर मावशींनी कुणाला न विचारता होडी विकली. मुलगा संतोष चिडून घरातून गेला तो कोचीच्या एका क्रूझवर खलाशी झाला. वर्षभर आईचा फोन उचलला नव्हता. त्याच्या मित्राकडून जहाजाचं नाव कळलं, म्हणून या दोघी आल्या. त्यातही लताला धाकधूक होती, कारण खलाशी खाली राहतात, प्रवाशांना तिकडे सोडत नाहीत. चार दिवस एकाच जहाजावर राहून भेट न होता परत यायची वेळ आली असती.

नाना नियम सांगायला लागले, तर मावशींनी त्यांना हातानेच थांबवलं. "ता ठीक हाय. बोट बंदराला लागतं कवा, ता सांगा."

नानांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, आजवर मला सगळ्यांनी जहाज सुटतं कधी तेच विचारलंय."

"बोट येताना बघायची असते, नाना. जाताना कोनपन बघतं. आमी बाया पहाटेच बंदरावर जायचो. माजा नवरा लांबूनच टोपी दोनदा फिरवायचा. म्हंजे म्हावरा मोप हाय, बर्फ सांगून ठेव."

नानांनी तीन फोन करून वेळ काढली. जहाज निघायच्या दिवशीच सकाळी, उजाडता उजाडता बंदरात शिरणार होतं. आदल्या दिवशी गेलेल्यालाच दिसणार.

पुढचं लताने मला या खुर्चीत बसून सांगितलं. मायलेकी अंधारातच खाडीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे किनाऱ्याला अगदी लगटून जहाजं आत येतात. ते दहा मजली धूड समोर आलं तेव्हा लताला फोन काढायचंही सुचेना. मावशी मात्र वर बघतच नव्हत्या. त्यांची नजर खाली, पुढच्या उघड्या डेकवर होती. तिथे हेल्मेट घातलेली पाच-सहा माणसं जहाज ओढायला आलेल्या छोट्या बोटीकडे दोर सोडत होती, सगळी सारखीच.

त्यातल्या एकाने डाव्या हाताने दोर फेकला.

"त्यो बग," मावशी म्हणाल्या. "बापाचा हात हाय."

त्यांनी डोक्यावरचा पदर सोडला आणि तो दोन्ही हातांनी उंच धरून उभ्या राहिल्या. हाक मारली नाही. जहाज पुढे सरकत होतं, ते काही थांबणार नव्हतं. तो माणूस कठड्याशी आला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने हेल्मेट काढलं आणि डोक्यावर दोनदा फिरवलं.

मावशींनी पदर नीट घेतला, डोळे पुसले आणि लताला म्हणाल्या, "चल, बर्फ सांग."