बाईंनी माझ्या यजमानांची बाजू घेतली तेव्हा

आदरणीय डॉ. शकुंतलाबाई नाबर पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांची माझी पहिली भेट दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये झाली. त्या संध्याकाळी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

२००८च्या मंदीनंतरचं वर्ष. बाई अल ऐनच्या विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवत आणि महिन्यातून एकदा आम्हा मराठी मंडळींना जुन्या यहुदी, ख्रिस्ती, ग्रीक-रोमन लेखकांनी रंगवलेला परलोक वाचून दाखवत. त्या नरकयात्रांत प्रवासी विचारतो, "हे कोण?" आणि वाटाड्या त्यांचं पाप सांगतो. कधी प्रवासी त्या पाप्यांसाठी रडतो, गयावया करतो. त्यावरून बाईंनी नियमच केला होता: श्रोत्यांपैकी कुणी पाप्यांची बाजू मांडल्याशिवाय पान उलटायचं नाही. लोक हसत-खेळत वकिली करत.

त्या दिवशी बाईंनी "हे कोण?" विचारताच श्रोत्यांतले प्रधानसाहेब ओरडले, "नोकरी गेल्यावर कर्ज बुडवून, विमानतळावर गाडी टाकून पळालेले!" हशा पिकला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. "सॉरी वहिनी. पण तुमच्या साहेबांची गाडी तिथंच धूळ खातेय. नोकरी कधीच खलास झाली ना?"

मला काहीच माहीत नव्हतं हो! आईला बरं नाही म्हणून यजमान गावी गेले, एवढंच ठाऊक. कंपनीचं घर, माझा आणि मुलीचा व्हिसा, सगळं त्यांच्याच नोकरीवर.

बाईंनी विचारलं, "यांची बाजू कोण मांडणार?" कुणी हललं नाही. मग बाईच बोलल्या, "घाबरला असेल. बायकोला सांगायची लाज वाटली असेल."

माझ्यादेखत त्याची वकिली? मी ताडकन उठले. "मॅडम, लाज तुम्हाला वाटायला हवी!"

बाई पुस्तक मिटून मंचावरून खाली आल्या. "बरोबर आहे तुझं. तू नको माफ करूस. मुलीला घे आणि माझ्याकडे राहायला चल."

माझं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही मायलेकी दोन वर्षं त्यांच्याकडे राहिलो. खटपट करून त्यांनी मला एका शाळेत चिकटवलं, तिथूनच आमचा व्हिसा झाला. भाड्याचा विषय काढला, की म्हणत, "यल्ला, चल, चहा टाक."

यजमान परतले नाहीत. बाई आजही त्यांची चौकशी करतात आणि मी विषय बदलते. यजमानांच्या बाजूनं एक बरा शब्द अजून तोंडून निघत नाही. निघेल तेव्हा तो पहिल्यांदा बाईंनाच ऐकवायचा आहे. तोवर बाईंनी ठणठणीत राहावं, शंभरी गाठावी. मला मुळीच घाई नाही.