सुलतानाचं नाणं आणि तापाचं पाणी

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या किल्वा बेटावरचा म्हातारा किटवाना शेबे मासे सुकवायचा, जाळी विणायचा आणि फावल्या वेळात राजघराण्यातला असायचा. फावला वेळ पुष्कळ, म्हणून लोक त्याला सुलतानच म्हणायचे. राज्य म्हणाल तर तांब्याचं एक नाणं. खिळ्यानं भोक पाडलेलं, कडेला चेपलेलं, हिरव्या कीटाखाली कसलीशी अरबी अक्षरं.

तसं बेटावर जुन्या सुलतानांच्या नाण्यांचं अप्रूप नव्हतं. मोठी ओहोटी लागली की पोरं शिंपल्यांबरोबर तीही वेचून आणत. पण ती पातळ आणि वेडीवाकडी, हातोडीनं ठोकलेली. किटवानाचं नाणं जाड आणि गरगरीत गोल. याचं उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं.

"वाकडी रयतेसाठी, गोल घरच्यांसाठी!"

एवढ्या भांडवलावर त्यानं मौलूदला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या मेळाव्यात, पहिल्या चटईवरची मानाची जागा अर्धं आयुष्य अडवून ठेवली होती.

शिवाय नाण्याचं पाणी होतंच. इतर गावांत ताप आलेल्या पोराला बशीवर केशराच्या शाईनं कुराणातली आयत लिहून, धुऊन पाजतात. इथं तेवढा खटाटोप कोण करतो? सुलतानाचं नाणं वाटीत बुडवलं की झालं. अक्षरं अरबी, म्हणजे पवित्रच असणार. ती वाचून बघायचा आगाऊपणा कुणी केला नाही.

मग एका दुपारी मशिदीच्या ओट्यावर चुलतभाऊ शाले म्हणाला, "इतकं गोल? कुठल्या दुकानातून आणलंस?"

किटवानाच्या अंगाचा तिळपापड झाला. मौलूद तोंडावर आलेला आणि चटईच धोक्यात! संग्रहालयाच्या रुकियाबाई बेटावरची नाणी तपासायला दार-एस-सलामहून येणारच होत्या. त्यांच्याकडून गावादेखत शिक्कामोर्तब करून घ्यायचं त्यानं ठरवलं. पण राजाचं नाणं मळकं कसं न्यायचं? त्यानं चिंच आणि राख घेऊन ते दुपारभर घासलं. त्याच्या राजवटीतली ही सर्वांत मोठी चूक.

बाई आल्या, तेव्हा त्याच ओट्यावर त्यांनी नाणं उन्हात तिरपं धरलं, मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली.

"घासायला नको होतं, आजोबा."

"असू दे. खरं आहे ना, तेवढं सांगा!"

"अगदी अस्सल आहे," बाई म्हणाल्या. किटवानानं शालेकडे विजयी मुद्रेनं बघितलं. "पण सुलतानाचं नाही. जर्मन कंपनीचा पैसा आहे हा."

"बाई, अरबी आहे ते! नीट वाचा!"

"अरबीतच लिहिलंय, इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून. हे बघा, अल्मानिया, म्हणजे जर्मनी. आणि मागच्या बाजूचे हे पंजे त्यांच्या गरुडाचे."

ओट्यावरची सगळी डोकी नाण्यावर वाकली.

"म्हणजे," शाले म्हणाला, "आमची पोरं इतकी वर्षं जर्मन प्यायली?"

सगळं गाव पोट धरून हसलं. किटवाना हसला नाही. त्याच्या आजोबांच्या पाठीवर जर्मनांच्या चाबकाचे वळ होते आणि लहानपणी त्यानं त्यांवरून बोट फिरवलं होतं. नाण्याबद्दल आजोबा एवढंच म्हणायचे, "हे पाठीनं कमावलंय." रस्त्याचे दगड फोडून मिळालेला पहिला पैसा त्यांनी आजारी लेकाच्या गळ्यात बांधला होता. पण सुलतानाच्या नातवाला दगड फोडणारा आजोबा शोभत नाही, म्हणून किटवानानं गोष्टीतला तेवढा भाग गाळून टाकला होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी शेजारची बी मोझा तापलेला नातू कडेवर घेऊन, वाटीत पाणी घेऊन दारात उभी.

"बुडवा."

"काल ऐकलं नाहीस? त्यात पवित्र काही नाही. आजोबांची मजुरी आहे ती. पाठीनं कमावलेली."

"मग बरंच झालं की! सुलतानांनी आमच्या पोरांसाठी काय केलं होतं? बुडवा लवकर, दवाखान्यात रांग वाढतेय."

"दवाखान्यात? मग हे पाणी कशाला?"

"गोळ्या गिळायला! आजवर मी कशानं गिळवत होते?"

किटवानानं नाणं पाण्यात सोडलं.

मौलूदला तो न सांगता शेवटच्या चटईवर जाऊन बसला. पहिल्या चटईवर शाले ऐसपैस बसला होता. तोही आता राजघराण्यातला निघाला होता. त्याच्याकडे नाणंच नव्हतं, त्यामुळे तपासून दाखव असं त्याला कुणी म्हटलं नाही.